शाश्वत विकासाचा आंतरराष्ट्रीय आढावा : स्वरूप आणि मर्यादा

पर्यावरणरक्षण व आर्थिक प्रगती यांची सांगड घालण्याच्या हेतूने १९९२ साली रिओ दि जानेरो येथे वसुंधरा शिखर परिषद भरली. तेथे संमत झालेल्या ‘अजेंडा २१’ या कार्यक्रमाच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने ५३ सदस्य राष्ट्रांचा शाश्वत विकास आयोग स्थापन केला. आयोगात चर्चा विपुल होते, परंतु निर्णय कृतीत उतरत नाहीत, अशी टीका होत राहिली. अखेर २०१३ मध्ये त्याची जागा उच्चस्तरीय राजकीय मंचाने घेतली.

हा मंच दरवर्षी आर्थिक व सामाजिक परिषदेच्या आणि दर चार वर्षांनी आमसभेच्या अधिपत्याखाली भरतो. २०१५ साली स्वीकारलेली १७ ध्येये व १६९ लक्ष्ये यांचा आढावा घेणे हे त्याचे प्रमुख कार्य होय. त्यासाठी राष्ट्रे आपल्या प्रगतीचा ऐच्छिक अहवाल मंचापुढे मांडतात. भारताने असे अहवाल २०१७ व २०२० मध्ये सादर केले.

या पद्धतीत परीक्षार्थी हाच परीक्षक ठरतो. मागे पडणाऱ्या राष्ट्रावर मंच कोणतीही सक्ती करू शकत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अहवालानुसार मूल्यमापन झालेल्या लक्ष्यांपैकी केवळ १७ टक्के लक्ष्ये योग्य मार्गावर होती.

म्हणूनच खरी पडताळणी देशांतर्गत संस्थांनी करावयास हवी. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या ध्येयांच्या पूर्वतयारीविषयी २०१९ मध्ये दिलेला लेखापरीक्षण अहवाल हे त्याचे उदाहरण होय. आंतरराष्ट्रीय मंच प्रश्न विचारू शकतो. उत्तरदायित्व मात्र संसद, विधिमंडळे आणि जागरूक नागरिक यांनाच निश्चित करावे लागते.