जॉन स्नोची आई कोण?

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या प्रेक्षकांना या प्रश्नाने सहा पर्वं झुलवत ठेवलं. वाचकांना त्याने कितीतरी आधी गाठलं होतं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची मूळ कादंबरी १९९६ची. नेड स्टार्क हा जॉनचा बाप नसून मामा आहे, हा तर्क त्यानंतर लवकरच चाहत्यांमध्ये फिरू लागला.

असा तर्क उभा राहतो तो बारकाव्यांवर. २०११च्या पहिल्या पर्वात नेड जॉनचा निरोप घेतो. तुझ्या अंगात माझं रक्त आहे, असं सांगतो. तू माझा मुलगा आहेस, असं मात्र म्हणत नाही. भाच्याच्या अंगातही आजोळचं रक्त असतंच! पहिल्यांदा हे वाक्य सहज निसटतं, दुसऱ्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. खुणा इतक्या प्रामाणिकपणे पेरलेल्या असल्या, की आधी ओळखल्याने गोडी कमी होत नाही, वाढते.

मालिकेचे निर्माते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनाही मार्टिन यांनी सुरुवातीलाच जॉनच्या आईबद्दलचा हा प्रश्न विचारला होता. त्यांचं उत्तर बरोबर निघालं.

२०१६मध्ये, सहाव्या पर्वाच्या शेवटच्या भागात, नेडची बहीण लिआना बाळंतपणात प्राण सोडताना दिसली. कॅमेरा तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावर थांबला आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर जॉनचा चेहरा आला.