श्रवण-विवेक : लेखांक सहावा – न विचारलेला प्रश्न

मागील दोन लेखांकांत मुद्रित बातमीतील पक्षपाताचा विचार आपण केला. छापील मजकूर डोळ्यांसमोर स्थिर असतो, शंकास्थळी बोट ठेवून थांबता येते, मागचे पान उलटून आधीच्या विधानाशी ताडून पाहता येते. त्यामुळे तेथील पक्षपात कितीही चतुराईने पेरलेला असला, तरी सावकाश वाचणाऱ्याच्या तो पुष्कळदा ध्यानी येतो. परंतु भाजी चिरताना किंवा कर्जत लोकलच्या गर्दीत उभ्याउभ्या जी दोन-दोन, तीन-तीन तासांची पॉडकास्ट-संभाषणे आज असंख्य लोक ऐकत असतात, त्यांच्या बाबतीत ही सोय राहत नाही. शिवाय अशी संभाषणे आपल्या निःपक्षपातीपणाचा दाखलाही बरोबर घेऊनच येतात. तो असा की, आम्ही काही कापत नाही, काही जोडत नाही, पाहुणा जे बोलला ते अथपासून इतिपर्यंत तुमच्यापुढे ठेवतो. या दाव्याची तपासणी हाच आजचा विषय होय.

दावा अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस यांची मुलाखत घेतली, तेव्हा एकाच उत्तराचा एक भाग संस्थेच्या एका कार्यक्रमात आणि दुसरा भाग ‘सिक्स्टी मिनिट्स’ या मुख्य कार्यक्रमात दाखविला गेला. त्यावरून प्रतिस्पर्धी उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांनी दावा गुदरला, आणि जुलै २०२५ मध्ये सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंट हिने १ कोटी ६० लक्ष डॉलर देऊन तो मिटविला. दोन्ही तुकडे त्याच उत्तरातले होते, हे संपूर्ण संहिता प्रसिद्ध झाल्यावर दिसून आले. तरीही संकलकाच्या कात्रीविषयी सामान्य प्रेक्षकाच्या मनात जो संशय घर करून होता, तो या प्रकरणाने बळावला. अशा वेळी जेथे कात्रीच नाही त्या ठिकाणी लोकांनी विश्वासाने जावे, यात नवल नाही. तथापि ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीच कोणाला बोलवावयाचे, कोणत्या विषयाला हात घालावयाचा आणि कोणता सोयीस्करपणे विसरावयाचा, हे ठरून गेलेले असेल, तर नंतर एक अक्षरही कापण्याची गरज उरत नाही, हे लक्षात कोण घेतो?

या ठिकाणी न्यायालयाच्या कामकाजाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. साक्षीदाराला ज्या पक्षाने बोलाविले त्या पक्षाचा वकील प्रथम त्याची सरतपासणी घेतो. नंतर विरुद्ध पक्षाचा वकील उलटतपासणी घेतो. आणि अवश्य वाटल्यास पहिल्या वकिलास फेरतपासणीची मुभा असते. सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला, ज्यातून अपेक्षित उत्तर सूचित होते असे सूचक प्रश्न विचारण्यास, प्रास्ताविक किंवा निर्विवाद बाबी सोडल्यास, कायद्याने मज्जाव केलेला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १४१ ते १४३ मध्ये ही तजवीज होती, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १४६ मध्ये ती कायम आहे. उलटतपासणीत मात्र तेच सूचक प्रश्न खुशाल विचारता येतात. या भेदामागील शहाणपण असे की, अनुकूल साक्षीदार प्रश्नकर्त्याच्या तोंडचे शब्द आनंदाने उचलतो आणि प्रतिकूल साक्षीदार ते सहसा उचलत नाही. शब्दांची ही शक्ती केवळ वकिलांचा तर्क नव्हे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली मोटारींच्या टकरीची चित्रफीत विद्यार्थ्यांना दाखवून त्यांना वेगाचा अंदाज विचारला, तेव्हा ‘एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचे क्रियापद ज्यांच्या प्रश्नात होते त्यांनी सरासरी ताशी ४०.५ मैल सांगितले, आणि ‘एकमेकींना लागल्या’ असे सौम्य क्रियापद ज्यांच्या वाट्यास आले त्यांनी ३१.८.

आता एखादी लोकप्रिय दीर्घ मुलाखत ही दृष्टी ठेवून ऐका. ‘इतक्या प्रतिकूल परिस्थितीतून आपण हे साम्राज्य उभारलेत, ही जिद्द आपल्यात आली कोठून?’ हा प्रश्न कानाला गोड लागतो. परंतु परिस्थिती प्रतिकूल होती, उभारले ते साम्राज्य आहे, आणि ते जिद्दीवर उभे आहे, या तिन्ही गोष्टी प्रश्नातच सिद्ध धरलेल्या आहेत. पाहुण्याने मान डोलावली की तिन्हींवर शिक्कामोर्तब होते. तीन तासांची सरतपासणी, तीही सूचक प्रश्नांनी भरलेली, आणि उलटतपासणी मुळीच नाही, असा हा मामला असतो. त्याच्या लांबीमुळे मात्र ऐकणाऱ्यास सखोलतेचा भास होतो.

लांबी आणि सखोलता यांचा संबंध कसा असू शकतो, हे पाहावयाचे असेल तर १९७७ सालच्या एका मुलाखतीकडे जावे लागते, आणि तेथे थोडे रेंगाळण्यासारखे आहे. वॉटरगेट प्रकरणी रिचर्ड निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा दिला, आणि महिनाभरातच त्यांचे उत्तराधिकारी जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना माफी बहाल केली. त्यामुळे आरोपी म्हणून न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभे राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलाच नाही. अशा स्थितीत डेव्हिड फ्रॉस्ट नावाच्या एका इंग्रज मुलाखतकाराने, ज्याची ख्याती गंभीर पत्रकारितेपेक्षा मनोरंजनाबद्दलच अधिक होती, निक्सन यांच्याशी करार केला: ६ लक्ष डॉलर बिदागी आणि शिवाय नफ्यात वाटा. अमेरिकेतील प्रमुख दूरचित्रवाणी संस्थांनी या व्यवहाराकडे पाठ फिरविली, पैसे मोजून मिळविलेली मुलाखत ही पत्रकारितेची विटंबना आहे अशी टीका झाली, आणि फ्रॉस्टला सुट्या स्वतंत्र केंद्रांची जुळवाजुळव करून प्रक्षेपणाची सोय करावी लागली. कागदावर पाहता पक्षपाताला याहून सुपीक भूमी कोणती? प्रश्नकर्ता आणि उत्तर देणारा या दोघांचाही लाभ एकाच नफ्यात गुंतलेला होता.

परंतु घडले ते निराळेच. करारनाम्यात संकलनाचा अधिकार संपूर्णपणे फ्रॉस्टकडे राहिला होता, निक्सन यांना त्यात ढवळाढवळ करण्यास जागा नव्हती. फ्रॉस्टने संशोधक पदरी ठेवले; त्यांपैकी जेम्स रेस्टन (धाकटे) यांनी न्यायालयीन दप्तरांत शिरून निक्सन आणि त्यांचे साहाय्यक चार्ल्स कोल्सन यांच्यातील अशी संभाषणे शोधून काढली, जी तोवर फारशी कोणाच्या नजरेस आली नव्हती, आणि जी निक्सन यांनी आजवर सांगितलेल्या कालक्रमाशी जुळत नव्हती. मार्च-एप्रिल १९७७ मध्ये अठ्ठावीस तासांहून अधिक ध्वनिचित्रमुद्रण झाले. त्यातील पुष्कळसा भाग निक्सन यांनीच व्यापला, लांबलचक आठवणींनी आणि तपशिलांनी प्रश्नकर्त्याला थकवून सोडले. आणि मग वॉटरगेटचा विषय निघाला तेव्हा फ्रॉस्टने हातातील कागद वाचावयास प्रारंभ केला. ४ मे १९७७ रोजी हा भाग प्रक्षेपित झाला, तो सुमारे साडेचार कोटी लोकांनी पाहिला, आणि आपण देशबांधवांना निराश केले ही कबुली त्यांनी निक्सन यांच्या तोंडून ऐकली. केवळ तासांच्या बळावर ती मिळाली नसती. हाती दस्तऐवज होता, आणि उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याची तयारी होती.

आज पैशाचा प्रवाह पुष्कळ ठिकाणी उलटा झालेला आहे. लोकप्रिय पॉडकास्टवर पाहुणा म्हणून जाण्यासाठी पाहुणाच ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम मोजतो, असे ‘ब्लूमबर्ग’ने २०२२ साली उघडकीस आणले. जेथे रोकड हातोहात जात नाही तेथेही देवघेव असतेच: पाहुण्याला श्रोतृवर्ग मिळतो, यजमानाला पाहुण्याच्या नावाचे वलय मिळते, आणि आजच्या पाहुण्याला अडचणीत आणले तर उद्याचा येणार नाही ही धास्ती प्रश्नकर्त्याच्या जिभेवर कोणीही न बसविलेला पहारा करते. ब्रिटनमधील ‘डायरी ऑफ अ सीईओ’ या प्रचंड खपाच्या पॉडकास्टचे यजमान स्टीव्हन बार्टलेट यांचे उदाहरण बोलके आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बीबीसीने त्यांच्या आरोग्यविषयक १५ भागांची छाननी केली, तेव्हा प्रत्येक भागात सरासरी १४ हानिकारक आणि शास्त्रीय पुराव्याशी विसंगत दावे आढळले, आणि त्यांपैकी बहुतेकांना यजमानाने हटकलेच नव्हते. निर्मात्यांनी आपल्या समर्थनार्थ पाहुण्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आश्रय घेतला. परंतु पाहुण्याचे बोलण्याचे स्वातंत्र्य आणि यजमानाचे विचारण्याचे कर्तव्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत; पहिलीच्या नावाखाली दुसरी रजेवर जाऊ शकत नाही. याच गृहस्थांच्या दोन खाद्य-आरोग्यविषयक कंपन्यांच्या जाहिराती ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील जाहिरात-नियामकाने बंद पाडल्या, कारण तोंड भरून स्तुती करणारा इसम त्या कंपन्यांत स्वतःच हितसंबंधी आहे, हे जाहिरातीत सांगितलेले नव्हते.

आपल्याकडेही या दिशेने काही बंदोबस्त झाला आहे. जाहिरात-मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांवरील सशुल्क प्रचार तसा घोषित करण्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि ‘सेबी’ने २०२४ साली नोंदणीकृत मध्यस्थांना, नोंदणीविना गुंतवणुकीचा सल्ला देत फिरणाऱ्यांशी संबंध ठेवण्यास मनाई केली. परंतु या नियमांचा हात सशुल्क स्तुतीपर्यंतच पोहोचतो. एखाद्या कंपनीचा संस्थापक दोन तास आपल्या धडपडीची कहाणी सांगतो आणि यजमान त्याला ताळेबंदाविषयी अवाक्षर विचारत नाही, तेव्हा त्यावर ‘जाहिरात’ ही चिठ्ठी कोण चिकटविणार?

आवाजाच्या जवळिकीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर पुढे स्वतंत्र लेखांक यावयाचा आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ सालीच दाखवून दिले होते की, पडद्यावरून किंवा रेडिओवरून नित्य भेटणाऱ्या व्यक्तीशी प्रेक्षक एक एकतर्फी स्नेह जोडतो. कानात आठवडेच्या आठवडे बोलणारा यजमान आपल्याला स्नेह्यासारखा वाटू लागतो, आणि स्नेह्याने ज्याला घरी आणले त्याची चौकशी आपण करीत नाही. त्याहून चमत्कारिक गोष्ट एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्त्स यांच्या २०१८ च्या प्रयोगात आढळली: शास्त्रज्ञाची तीच मुलाखत, तेच शब्द, पण ध्वनिमुद्रण खराब असेल तर ऐकणाऱ्यांना तो शास्त्रज्ञ कमी बुद्धिमान आणि त्याचे संशोधन कमी महत्त्वाचे वाटले. उत्तम ध्वनिक्षेपकासाठी लोक एवढा खर्च का करतात, याचा उलगडा यातून काही अंशी होतो.

कोणी म्हणेल की, हे दोष हौशी मंडळींचे. प्रतिष्ठित संस्थांचे तसे नसते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१८ साली ‘कॅलिफेट’ ही पॉडकास्टमाला प्रसिद्ध केली. तिचा कणा होता कॅनडातील एका तरुणाची जबानी, की आपण सीरियात जाऊन अतिरेकी संघटनेच्या वतीने हत्या केल्या. मालेला मानाचे पीबडी पारितोषिक मिळाले. पुढे २०२० साली कॅनडाच्या पोलिसांनी या तरुणावर खोटी दहशत पसरविल्याचा आरोप ठेवला, त्याच्या कथनाला आधार नाही असे वृत्तपत्राच्या अंतर्गत चौकशीत निष्पन्न झाले, आणि पारितोषिक परत करण्यात आले. यातील विलक्षण भाग असा की, प्रवासाच्या तारखा जुळत नाहीत हे मालेतच एका भागात सांगितलेले होते. शंका उपस्थित झाली, श्रोत्यांच्या कानी पडली, आणि तरीही कथा पुढे चालत राहिली, कारण उभ्या मालेचा डोलारा त्या एका आवाजावर रचलेला होता.

याचा अर्थ मुलाखतकाराने दरडावावे असा मात्र नव्हे. रात्री नऊच्या सुमारास वृत्तवाहिन्यांवर जो कल्लोळ चालतो, त्यात उलटतपासणीचा लवलेश नसतो. पाहुण्याचे वाक्य पुरे होऊ न देणे ही तर प्रश्न न विचारण्याचीच दुसरी रीत झाली. आणि प्रत्येक मुलाखतीला तपासणीची गरज असते असेही नाही. आपल्याकडील प्रकट मुलाखत ही मूळ प्रकृतीने सत्कारच आहे. शाल, श्रीफळ आणि आठवणी. एखाद्या वयोवृद्ध गायिकेला किंवा कवीला साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर कोणी तारखांवरून धारेवर धरावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही, आणि करूही नये. अडचण निर्माण होते ती हाच सत्काराचा साचा मंत्र्याला, औषधविक्रेत्याला किंवा समभागांचा सल्ला देणाऱ्याला जसाच्या तसा लावला जातो तेव्हा. मला स्वतःला एक सवय उपयोगी वाटते: उत्तर संपले की क्षणभर थांबून, आता आपण असतो तर पुढे काय विचारले असते, ते मनात म्हणावयाचे, आणि मग यजमान काय विचारतो ते ऐकावयाचे. तासाभरात एकदाही दोन्ही प्रश्न जुळले नाहीत, तर त्या मुलाखतीची जात ओळखावयास आणखी पुरावा लागत नाही.

अर्थात या सवयीतही एक खाचखळगा आहे. व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, १९८२ च्या बैरूत हत्याकांडाच्या त्याच बातम्या इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थकांना दाखविल्या, तेव्हा दोन्ही गटांना त्या आपल्याच विरुद्ध झुकलेल्या वाटल्या. आपल्या नावडत्या पुढाऱ्याला मऊ प्रश्न गेले की आपल्याला पक्षपात ताबडतोब ऐकू येतो, आणि आवडत्या पुढाऱ्याला तेच प्रश्न गेले की आपण त्याला मोकळ्या गप्पा म्हणतो. यास्तव वरील सवय प्रथम आपल्या पसंतीच्या माणसाच्या मुलाखतीवर चालवून पाहावी. ती तेथे चालवणे बरेच कठीण जाते.

एक बाब आज हाताळलेली नाही. ‘आम्ही काही कापत नाही’ असे म्हणणारीच मंडळी त्या तीन तासांतून चाळीस-पन्नास सेकंदांचे तुकडे काढून समाजमाध्यमांवर सोडतात, आणि असंख्य लोकांपर्यंत मुलाखतीचे तेवढेच तुकडे पोहोचतात. ते निवडतो कोण आणि कोणत्या हिशेबाने, याचा विचार पुढील लेखांकी करू.