पुस्तिकेतला एक चुकीचा शब्द

काचेच्या चिपेतून जाताना प्रकाशकिरण वाकतो, हा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. कागदावर टाचण्या टोचायच्या, आपाती कोन आणि अपवर्तन कोन मोजायचे, आणि त्या कोनांच्या साइन मूल्यांचा भागाकार करून काचेचा अपवर्तनांक काढायचा. उत्तर १.५ च्या आसपास येते.

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने हे गणित संगणकावर करायचे ठरविले. आपाती कोन ३० अंश, अपवर्तन कोन १९ अंश. उत्तर आले उणे ६.५९! बिचाऱ्याने टाचण्या पुन्हा लावल्या, कोन पुन्हा मोजले. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "सर, मला काही संगणक जमायचा नाही."

मी त्याच्याजवळची पुस्तिका मागून घेतली. तिच्यात स्वच्छ लिहिले होते, 'कोन अंशांत द्यावा.' आज्ञावली मात्र कोन रेडियनमध्ये धरत होती! एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. ३० रेडियनचे साइन मूल्य उणे ०.९८८ आणि १९ रेडियनचे ०.१५० येते. त्यांचा भागाकार उणे ६.५९. गणकयंत्र रेडियनवर ठेवून तुम्हीही हे पडताळून पहा. म्हणजे टाचण्या बरोबर होत्या, कोन बरोबर होते, आज्ञावलीही बरोबर होती. चुकला होता तो पुस्तिकेतला एक शब्द; आणि त्या एका शब्दापायी एक हुशार मुलगा स्वतःला मठ्ठ समजू लागला होता.

यंत्राला न दिसणारी चूक

आज्ञावली लिहिताना एखादा कंस राहिला, तर संगणक लगेच अडतो आणि तक्रार करतो. पण पुस्तिका संगणकासाठी नसते, माणसासाठी असते. 'रेडियन' ऐवजी 'अंश' छापले गेले, तरी वाक्य व्याकरणाने शुद्धच राहते. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावलीही त्यावर बोट ठेवणार नाही. ही चूक सापडते ती पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कोणी खरोखर करून पाहिले तरच.

मग लेखकालाच ती का दिसत नाही? वाचताना आपला डोळा ओळीवरून सरकत जात नाही. तो उड्या मारत जातो आणि प्रत्येक थांब्यावर सुमारे पाव सेकंद टेकतो. मधला मजकूर मेंदू अंदाजाने भरून काढतो. मजकूर जितका ओळखीचा, तितका अंदाजाचा भाग मोठा! लेखकाला काय लिहायचे होते ते पक्के ठाऊक असते, म्हणून तो कागदावरचे न वाचता मनातले वाचतो. नवशिक्याच्या मनात काहीच नसते. त्याला कागदावर असेल तेच वाचावे लागते. म्हणून पुस्तिकेची खरी परीक्षा नवखा वाचकच घेऊ शकतो.

दोष सांगण्याची रीत

काही आज्ञावल्या 'मुक्त स्रोत' म्हणून ओळखल्या जातात. त्यांचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि दुसऱ्याला देता येतो. लिनक्स ही त्यांपैकी प्रसिद्ध प्रणाली. अशा बहुतेक आज्ञावल्यांच्या पुस्तिकाही याच पद्धतीने उघड्या असतात. त्यात चूक आढळली, तर नव्या आवृत्तीची वाट पाहत बसावे लागत नाही. वाचक स्वतः दुरुस्ती सुचवू शकतो.

या वृत्तीची मुळे जुनी आहेत. १९७१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका तयार केली. तिच्यात आज्ञेचे नाव, ती वापरण्याची पद्धत आणि वर्णन यांच्याबरोबर 'दोष' असे एक वेगळे शीर्षकही होते! आमच्या आज्ञेत अमुक उणीव आहे, हे कर्त्यांनीच लिहून ठेवायचे. लिनक्सच्या पुस्तिकेत हे शीर्षक आजही आढळते.

दुसरे उदाहरण स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांचे. १९७७ साली त्यांच्या एका ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली. गणिताची जुळणी पाहून ते इतके नाराज झाले, की अक्षरजुळणीसाठी त्यांनी स्वतःच आज्ञावली लिहायला घेतली. तिचे नाव 'टेक'. गणित व भौतिकशास्त्राचे असंख्य शोधनिबंध आज तिच्या साहाय्याने जुळविले जातात. तिचा मूळ मजकूर त्यांनी सर्वांना खुला केला.

आपल्या पुस्तकातील चूक प्रथम दाखवून देणाऱ्याला कनूथ २ डॉलर ५६ सेंट देत. ही विचित्र रक्कम का? १६ गुणिले १६ म्हणजे २५६. षोडशमान पद्धतीत हा आकडा १०० असा लिहितात. म्हणून हा 'षोडशमानातला एक डॉलर'! अनेकांनी तो धनादेश बँकेत न वटवता चौकटीत लावून ठेवला. २००८ पासून ते धनादेशाऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र पाठवू लागले, तरी त्याचा मान कमी झाला नाही. १९८९ साली कनूथ यांनी 'टेक'मध्ये केलेल्या दुरुस्त्यांची संपूर्ण नोंदवही प्रसिद्ध केली. तिच्यात ८५० हून अधिक नोंदी होत्या. इतका मोठा शास्त्रज्ञ आपल्या चुका मोजून जगापुढे मांडतो, यात त्याचा कमीपणा नाही. ती आज्ञावली विश्वासार्ह होण्याचे ते एक कारण आहे.

न सापडलेल्या चुका किती?

आता एक गमतीचा प्रश्न. ज्या चुका कोणालाच सापडल्या नाहीत, त्या मोजता येतील का? जॉर्ज पोल्या या गणितज्ञांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या लेखात याचे उत्तर दिले.

एकच मजकूर दोघांनी स्वतंत्रपणे तपासावा. समजा पहिल्याला ३० चुका सापडल्या, दुसऱ्याला २४, आणि त्यांपैकी २० दोघांनाही सापडल्या. पहिल्याच्या ३० चुकांपैकी दुसऱ्याने २० पकडल्या, म्हणजे दोन तृतीयांश. एकूण चुकांपैकीही तो साधारण दोन तृतीयांशच पकडत असला पाहिजे. त्याला मिळाल्या २४. म्हणून एकूण चुका सुमारे ३६. थोडक्यात, ३० गुणिले २४ भागिले २०. दोघांनी मिळून सापडविल्या ३० अधिक २४ वजा २०, म्हणजे ३४. तेव्हा सुमारे २ चुका अजून लपलेल्या आहेत!

येथे एक अट आहे. दोघांची नजर एकमेकांपासून स्वतंत्र हवी. दोघेही तज्ज्ञ असले आणि एकाच ठिकाणी चकत असले, तर उत्तर खरे असेल त्यापेक्षा कमी येईल. म्हणून एक तज्ज्ञ आणि एक नवशिका ही जोडी उत्तम.

दुरुस्ती कशी पाठवावी?

आम्ही आमची दुरुस्ती पाठविली ती अशी:

− कोन अंशांत द्यावा.
+ कोन रेडियनमध्ये द्यावा.

उणे चिन्हाची ओळ काढायची, अधिक चिन्हाची घालायची. दोन मजकुरांतला फरक असा काढून देणारी आज्ञावली बेल प्रयोगशाळेत १९७०-८० च्या दशकात तयार झाली. तो फरक दुसऱ्याच्या प्रतीत आपोआप बसविणारी आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिली. तिच्या नावाचा अर्थच 'ठिगळ'! सगळी पुस्तिका पुन्हा पाठवायला नको, फक्त ठिगळ पाठवावे.

दुरुस्ती पाठविण्यापूर्वी काही पथ्ये पाळा. आपल्याजवळची पुस्तिका आणि आज्ञावली एकाच आवृत्तीची आहे ना, ते पहा. हीच चूक आधी कोणी कळविली आहे का, ते तपासा. काय केले, काय अपेक्षित होते आणि काय झाले, या तीन गोष्टी क्रमाने लिहा. एका वेळी एकच दुरुस्ती सुचवा. ज्याची स्वतः खात्री करून घेतलेली नाही, ते 'सुधारू' नका. नाहीतर बरोबर शब्दाच्या जागी चुकीचा बसायचा. आणि भाषा नम्र ठेवा. पलीकडचा माणूस पुष्कळदा फावल्या वेळात, विनामूल्य काम करीत असतो.

इंग्रजी कच्चे आहे म्हणून मागे राहू नका. काही मुक्त आज्ञावल्यांचा मजकूर मराठीतही उपलब्ध आहे. तेथे एका पानावर 'फाइल', दुसऱ्यावर 'संचिका' आणि तिसऱ्यावर 'धारिका' असे असेल, तर या तिन्ही एकच आहेत हे नवख्याने कसे ओळखावे? हे दाखवून द्यायला मराठी वाचकच हवा.

शिक्षकांना एक सूचना. शाळेच्या प्रयोगवहीतील किंवा हस्तलिखितातील चार पाने दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळी बसवून तपासायला द्या. दोघांच्या याद्या ताडून पहा आणि पोल्या यांच्या रीतीने लपलेल्या चुका काढा. मग तिसऱ्या विद्यार्थ्याला त्या शोधायला बसवा. अंदाज कितपत खरा ठरतो, ते वर्गालाच पाहू द्या.

आमच्या त्या विद्यार्थ्याची दुरुस्ती स्वीकारली गेली. नव्या पुस्तिकेत आता 'रेडियन' आहे. आणि त्याचा अपवर्तनांक? १.५४!