बिनहजेरीच्या जागा

परगावाहून पुण्यात शिकावयास आलेला विद्यार्थी राहण्यासाठी जी सोय पत्करतो तिला येथील व्यवहारात ‘कॉट बेसिस’ म्हणतात, आणि हे नाव अगदी यथार्थ आहे; कारण कपाटाचा एक खण, खाटेखाली बॅग सरकवण्यापुरती जागा आणि सहा फूट लांबीची गादी एवढ्याच मुलखावर त्याची सत्ता चालते, आणि तीही दिवा केव्हा मालवायचा याविषयी खोलीतल्या उरलेल्या तिघांचे एकमत होईपर्यंतच. सकाळी न्हाणीघरापुढे रांग, दुपारी मेसमध्ये ताटासाठी रांग, महाविद्यालयात ७५ टक्के हजेरीची सक्त ताकीद, संध्याकाळी अभ्यासिकेत तिन्ही बाजूंनी फळ्या ठोकलेले नंबराचे टेबल आणि रात्री नऊच्या सुमारास घरून येणारा, ‘जेवलास का?’ पासून सुरू होऊन ‘निकाल कधी आहे?’ येथे हमखास थांबणारा फोन, असा ज्याच्या दिवसाचा प्रत्येक प्रहर कुणाच्या ना कुणाच्या दफ्तरी नोंदलेला आहे, त्याचे चित्त थकले तर त्यात नवल नाही.

नवल वाटते ते त्याला सुचविल्या जाणाऱ्या उपायांचे. ताणनिवारणाची शिबिरे भरतात, त्यांनाही हजेरी असते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते; मॉलमध्ये जावे तर पहारेकरी बॅग तपासतो आणि आत गेल्यावर बसावयास बाक सापडत नाही; व्यायामशाळा वर्षाची वर्गणी आगाऊ मागते. माझे मत असे की, या वयाच्या माणसाला प्रथम निकड असते ती अशा जागेची, जिथे त्याचे नाव कुणी विचारीत नाही, तो किती वेळ बसला हे कुणी मोजीत नाही आणि बसण्याचा मोबदलाही कुणी मागत नाही. अशी जागा वसतिगृहापासून पायी जाण्याइतकी जवळ हवी, कारण ज्या विसाव्यासाठी दोन बस बदलाव्या लागतात त्याच्यासाठी परीक्षेच्या महिन्यात कुणी घराबाहेर पडत नाही.

या मताला शास्त्राचाही काही आधार आहे. रेचेल आणि स्टीव्हन कॅप्लन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, पुस्तकावर मन बळेच रोखून धरण्याची आपली शक्ती वापराने झिजते, आणि पाने हलणे, ढग सरकणे, पाणी हिंदकळणे यांसारख्या, लक्ष वेधून घेणाऱ्या पण ओढून न नेणाऱ्या गोष्टींच्या सहवासात ती पुन्हा भरून येते. मोबाइलच्या पडद्यावर मन रमते खरे, परंतु तो लक्ष ओढून नेतो, परत देत नाही. म्हणूनच तासभर चित्रफिती पाहून उठलेला मुलगा बसला होता त्याहून अधिक शिणलेला दिसतो. पुढे २०१९ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी शहरवासीयांच्या लाळेचे नमुने तपासून, निसर्गात बसण्याफिरण्याने कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण कसे उतरते ते मोजले, आणि त्यांना आढळले की उताराचा वेग वीस ते तीस मिनिटांच्या वास्तव्यात सर्वांत अधिक असतो. त्यानंतरही लाभ होत राहतो, पण सावकाश. म्हणजे दोन तासिकांमधल्या मोकळ्या वेळात साधावे इतकेच हे काम आहे, जागा मात्र हाताशी पाहिजे.

पुण्याचे भाग्य असे की, या शहराच्या पोटातच टेकड्या आहेत. फर्ग्युसन महाविद्यालयाची स्थापना १८८५ सालची. त्याच्या पाठीशी असलेल्या हनुमान टेकडीवर विद्यार्थ्यांची वहिवाट किती जुनी आहे याचा दाखला कोणत्याही सातबाऱ्यावर मिळणार नाही, तथापि याच टेकडीवर १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी आपल्या निवडक सहकाऱ्यांसह भारत सेवक समाजाची शपथ घेतली, आणि आज त्या समाजाच्या आवारातील गोखले अर्थशास्त्र संस्थेत शिकणारी मुले त्याच पायवाटांनी वर जाऊन, राष्ट्रकार्याचा विचार बाजूस ठेवून, निवांत शेंगा खात बसतात. गोखल्यांना त्याचे वाईट वाटले असते असे मला वाटत नाही.

चढण अशी की दहा-पंधरा मिनिटांत माथा गाठावा, पण तेवढ्यात श्वास लागावा. या धापेचे मोल मोठे आहे. खाली असताना डोक्यात फिरणारे वाक्य, मग ते प्राध्यापकांचे असो वा प्रेयसीचे, चढ चढताना तुटते आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत त्याची दोन्ही टोके पुन्हा सहसा जुळत नाहीत. वरून शहर दिसते. आपले महाविद्यालय, आपले वसतिगृह, आपली अभ्यासिका ज्या इमारतीत आहे ती इमारत, हे सर्व तळहाताएवढ्या जागेत मावलेले पाहिले म्हणजे अंतर्गत परीक्षेतील गुणांचेही आकारमान काहीसे कमी होते. फेब्रुवारीत, म्हणजे जेव्हा अभ्यासाचा तगादा वाढू लागतो त्याच सुमारास, वनखात्याने लावलेल्या गिरिपुष्पाच्या झाडांची पाने झडतात आणि निष्पर्ण फांद्यांना खालपासून टोकापर्यंत फिकट गुलाबी फुलांचे झुबके लगडतात. ही झाडे परदेशी आहेत, त्यांच्याखाली दुसरे फारसे काही वाढत नाही, आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा मनस्वी राग आहे. परंतु वाणिज्य शाखेच्या मुलाला त्यांच्याखाली बसून बरे वाटते, आणि या एका बाबतीत मी वाणिज्य शाखेच्या बाजूचा आहे.

पलीकडची वेताळ टेकडी हे शहरातील सर्वांत उंच ठिकाण. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. तिच्या माथ्यावर दगडाची जुनी खाण आहे. खाणकाम थांबल्यावर त्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचू लागले आणि उजाड ओरखडा होता तिथे तळे झाले. कातीव कड्याच्या सावलीत, पाण्यापासून अंतर राखून, दप्तर मांडीखाली घेऊन बसलेली मुले तेथे संध्याकाळी दिसतात. एखाद्या वेळी मोर ओरडतो, आणि खालून कोथरूडच्या रहदारीची घरघर येते ती इतकी एकसारखी की तिचा उपद्रव वाटत नाही. या टेकडीच्या कुशीतून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता काढण्याच्या तजविजीवरून महानगरपालिका आणि टेकडीप्रेमी नागरिक यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. त्या वादात भूजलाची, पक्ष्यांची आणि वाहनसंख्येची कैफियत मांडली जाते. खाणीकाठी बसणाऱ्या मुलांची बाजू मांडणारा वकील मात्र मी अद्याप पाहिलेला नाही.

टेकडी चढण्याइतका उत्साह ज्याच्यात उरला नाही त्याने पाताळेश्वर गाठावा. जंगली महाराज रस्त्याच्या ऐन गर्दीत, दोन-चार पायऱ्या उतरताच, आठव्या शतकाच्या सुमाराचे, राष्ट्रकूटकालीन समजले जाणारे हे लेणे लागते. अखंड काळ्या पाषाणातून कोरून काढलेले हे काम अपुरेच राहिले; प्रांगणात गोल छताचा नंदीमंडप, आणि आत चौकोनी खांबांच्या रांगांमागे शिवलिंग. आवार रस्त्याच्या पातळीखाली असल्याने हॉर्नचा आवाज डोक्यावरून निघून जातो, आणि भर वैशाखात बाहेर डांबर वितळत असता आतील दगड तळव्यांना गार लागतो. दुपारी अकरा-बाराच्या सुमारास येथे गेल्यास खांबाला पाठ टेकून बसलेला एखादा मुलगा हटकून आढळतो. मांडीवर स्पर्धापरीक्षेचे पुस्तक उघडे, पेन्सिल पानात खोवलेली, डोळे मिटलेले, आणि चपला मात्र बाहेर चोरीस जाऊ नयेत म्हणून पिशवीत घालून उशाशी. देवदर्शनास आलेल्या आजीबाई त्याला वळसा घालून पुढे जातात. देवळाची मोठी सोय हीच, की तिथे नुसते बसलेल्या माणसाला उद्देश विचारण्याची चाल नाही. तो नास्तिक असला तरी चालते.

आपल्याकडे हॉटेलांचा विद्यार्थ्यांशी असलेला ऋणानुबंध पुष्कळ वर्णिला गेला आहे. डेक्कनच्या चौकातील ‘गुडलक’ १९३५ पासून बनमस्का आणि चहा देत आहे, आणि त्याच्या टेबलांवर किती पिढ्यांनी तास बुडवले याची गणती नाही. तथापि गर्दीच्या वेळी कोणत्याही हॉटेलात बिलाची बशी समोर आली की उठावेच लागते, आणि हल्लीच्या कॅफेत एका कॉफीला मेसच्या दोन वेळच्या जेवणाइतके पैसे पडतात. म्हणून विसाव्याचे स्थान या दृष्टीने मी हॉटेलास दुय्यम मानतो. अमृततुल्यचे दुकान त्याहून सरस. पितळी पातेल्यात वेलची-आले घालून खळखळ उकळणारा, फडक्यातून गाळून कपात पडणारा तो चहा दोन मिनिटांत संपतो, पण फुटपाथवरच्या उभ्या दुचाकीला टेकून चालणारे बोलणे तासभर लांबले तरी दुकानदाराची ना नसते. नापास झालेल्या मुलाची पहिली समजूत पुष्कळदा येथेच घातली जाते, आणि ती घालणारे मित्र स्वतः त्याच विषयात नापास झालेले असतात, हे त्या समजुतीचे खरे सामर्थ्य होय.

विसावा नेहमी स्वस्थ बसूनच मिळतो असेही नाही. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेतर्फे १९६३ पासून भरत नाट्य मंदिरात होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींच्या दिवसांत एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात डोकवावे. रात्रीचे अकरा वाजलेले, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची मुले जुन्या लाकडी चौकटीला खिळे ठोकीत आहेत, एक मुलगी तेच वाक्य सातव्या तऱ्हेने म्हणून पाहत आहे, वडापावाचा कागद प्रकाशयोजनेच्या यादीवर पडून तेल उतरले आहे. श्रम दिवसाच्या अभ्यासाहून अधिक, पण थकवा निराळ्या जातीचा. स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षागृहात ‘आवाज कुणाचा’ ही आरोळी उठते तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडण्याची जी मुभा मिळते, ती घेतल्यावर किती मुलांना त्या रात्री गाढ झोप लागते, हे त्यांच्या खोलीतल्या सोबत्यांना विचारावे. रविवारी पहाटे उठून अतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढणारे आणि वर पिठले-भाकरी व मडक्यातले दही खाऊन दुपारच्या आत परतणारे हेही याच पंथाचे.

येथवर जे लिहिले ते वाचून एखादी विद्यार्थिनी हसेल, आणि तिचे हसणे रास्त ठरेल. ज्या नगरीत भिडे वाड्यात १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तिथे आजही एकटी मुलगी बागेच्या बाकावर काही न करता बसली की येणारा-जाणारा तिच्याकडे वळून पाहतो आणि कुणी ना कुणी चौकशीला येतो. तेव्हा कितीएक मुली बंद फोन कानाला लावून, अधूनमधून ‘हो, हो’ म्हणत बसण्याची युक्ती करतात. वसतिगृहाचा दरवाजा मुलींना मुलांपेक्षा लवकर बंद होतो. अंधार पडल्यावर टेकड्यांवर लुटीचे प्रकार घडलेले असल्याने तिथे उशिरापर्यंत थांबणे मुलांनाही धोक्याचे आहे, आणि मुलींच्या वाट्याला तर उन्हाची टेकडीच येते. यावर बंदोबस्त म्हणून कुंपण घालून वेळेची पाटी लावली जाते, हा उपाय मला उफराटा वाटतो. दिवे, गस्त आणि माणसांची वर्दळ यांनी जागा सुरक्षित होते, कुलपाने ती केवळ रिकामी होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे गणेशखिंडीतील ४०० एकरांहून मोठे आवार, जिथे एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम असे, ते या दृष्टीने मुलींना सर्वांत सोयीचे. जयकर ग्रंथालयातून बाहेर पडून मोठ्या झाडांखालून एकटीने चालत गेले तरी तिथे कुणास आश्चर्य वाटत नाही.

एक गोष्ट मात्र निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, अन्न नकोसे झाले असेल, जगण्याविषयीच नको ते विचार येत असतील, तर तो टेकडीने उतरणारा शीण नव्हे, आजार आहे, आणि त्यास वैद्यकीय मदतच पाहिजे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आणि अहोरात्र चालू असतो, आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले; तेव्हा महाविद्यालयांतून आता अशा खोल्या निघतील, कित्येक ठिकाणी त्या निघाल्याही आहेत. परंतु मी पाहिलेल्या एका महाविद्यालयात ती खोली मुख्य कार्यालयाच्या रांगेत, शुल्क भरण्याच्या खिडकीला लागून आहे, दारावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे, आणि समोर दिवसभर पन्नास मुले उभी असतात. त्या पन्नासांच्या देखत ते दार लोटण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आहे, त्याला समुपदेशनाची गरज बहुधा कमीच असावी. माझी दरखास्त साधी आहे: ही खोली ग्रंथालयाच्या मागल्या व्हरांड्यात द्यावी, म्हणजे तिकडे वळलेला मुलगा पुस्तक बदलावयास चालला आहे, असेच पाहणाऱ्याला वाटेल.