मळवली परिसरातील लघुव्यवसाय आणि कामगार कायदे

मळवली हे पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील गाव असून मुंबई–पुणे लोहमार्गावर लोणावळा व कामशेत यांच्या दरम्यानचे स्थानक आहे. कार्ला व भाजे येथील लेणी, एकवीरा देवीचे मंदिर तसेच लोहगड व विसापूर हे किल्ले जवळ असल्याने येथील अर्थव्यवहार बऱ्याच अंशी पर्यटकांवर चालतो. खानावळी, चहाच्या टपऱ्या, चिक्कीची दुकाने व कारखाने, लहान हॉटेले, भाड्याने दिले जाणारे बंगले हे येथील नेहमीचे व्यवसाय होत. पावसाळ्यात, सुट्ट्यांमध्ये व चैत्रातील यात्रेत गर्दी असते, एरवी आठवड्याचे मधले दिवस रिकामे जातात. माणसे नेमणे आणि कर्ज फेडणे या दोन्ही गोष्टी अशा व्यवसायांत या चढउतारावर अवलंबून असतात. कायदा मात्र मुख्यतः कामगारांची संख्या पाहतो.

दुकाने व आस्थापना कायदा

मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ हा लहानमोठ्या सर्व दुकानांना लागू होता. त्याच्या जागी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ आला व तो १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आला. मूळ २०१७ च्या तरतुदींनुसार १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेलाच नोंदणी करावी लागते. त्याहून कमी कामगार असल्यास व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना पुरते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० कामगारांपर्यंत वाढविण्यास आणि दैनिक कामाचे तास ९ वरून १० करण्यास मंजुरी दिली.

मूळ अधिनियमात दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी आणि जादा कामासाठी दुप्पट मजुरी अशा तरतुदी आहेत. वर्षाला ८ नैमित्तिक रजा व ८ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात; २४० दिवस काम केलेल्यास दर २० दिवसांमागे एक दिवस याप्रमाणे अर्जित रजा मिळते. दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवता येते, परंतु प्रत्येक कामगाराला साप्ताहिक सुट्टी द्यावीच लागते. शनिवार-रविवारी गर्दी असणाऱ्या लोणावळ्यासारख्या ठिकाणी ती सुट्टी साहजिकच आठवड्याच्या मधल्या वारी येते.

तीन-चार माणसांच्या खानावळीतील आचारी किंवा वाढपी या सर्व तरतुदींच्या बाहेर राहतो. येथील बहुसंख्य टपऱ्या व खानावळी याच गटात मोडतात. विशेष म्हणजे मार्च २०२२ मधील दुरुस्तीने मराठी नामफलकाची सक्ती १० पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाली. म्हणजे दारावरच्या पाटीपर्यंत कायदा पोहोचला, आत काम करणाऱ्याच्या साप्ताहिक सुट्टीपर्यंत नाही.

वेतन मात्र या संख्येवर अवलंबून नाही. केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांपैकी वेतन संहिता, २०१९ नुसार किमान वेतनाचा हक्क प्रत्येक कर्मचाऱ्याला आहे, मग आस्थापनेत तो एकटाच का असेना. मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा लागतो आणि नोकरी सोडणाऱ्याचा किंवा काढलेल्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो. हंगाम संपल्यावर पंधरवड्याची मजुरी अडकवून ठेवण्याची रीत या तरतुदीत बसत नाही.

संख्येचे उंबरठे

राज्य विमा योजना व उपदान यांसाठी १०, तर भविष्यनिर्वाह निधीसाठी २० कर्मचारी ही मर्यादा आहे. राज्य विम्यात दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी मालकाचा वाटा ३.२५ टक्के व कर्मचाऱ्याचा ०.७५ टक्के असतो. भविष्यनिर्वाह निधीत दोघांचा वाटा सर्वसाधारणपणे प्रत्येकी १२ टक्के असतो. उपदान म्हणजे सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन. कायम कर्मचाऱ्यासाठी साधारणतः पाच वर्षांची सेवा आवश्यक असते.

हंगामी व्यवसायाच्या मालकाला याहून महत्त्वाची ठरते ती एक वेगळीच तरतूद. सामाजिक सुरक्षा संहितेखाली एकदा आलेली आस्थापना पुढे कर्मचारी कमी झाले तरी तिच्या कक्षेतच राहते. जुन्या कायद्यांतही हाच नियम होता. जुलैमध्ये गर्दीसाठी २१ माणसे ठेवणारे हॉटेल डिसेंबरात ८ माणसांवर आले, तरी निधीचा भरणा थांबत नाही. त्यामुळे दहावा किंवा विसावा माणूस घेताना अनेक मालक कचरतात, आणि काही जण तीच माणसे रोजंदारीवर, हजेरीपटाबाहेर ठेवतात. त्यातून तात्पुरती बचत होते. परंतु कामावर अपघात झाल्यास विम्याचे कवच नसल्याने भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येऊ शकते, आणि कामगाराकडे आपण तेथे काम करीत होतो याचा कागदही नसतो.

चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित आहे. शाळेच्या वेळेनंतर स्वतःच्या कुटुंबाच्या, धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत करणे हा त्यास अपवाद आहे.

भांडवल

स्थानिक पतसंस्था, भिशी व नातेवाइकांकडील उसनवारी ही लहान व्यावसायिकांच्या भांडवलाची जुनी साधने होत. खाजगी सावकारी ही महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय करता येत नाही.

प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तीत विनातारण कर्जाचे शिशु (५०,००० रुपयांपर्यंत), किशोर (५ लाखांपर्यंत) व तरुण (१० लाखांपर्यंत) हे गट असून, आधीचे तरुण कर्ज फेडलेल्यांसाठी २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतचा तरुण प्लस गट जोडला गेला. चिक्की बनविणाऱ्यांना २०२० मधील सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळू शकते. अडचण बहुधा रकमेची नसून हप्त्याची असते. उत्पन्न चार महिन्यांचे आणि हप्ता बारा महिन्यांचा, म्हणून खेळत्या भांडवलासाठी मुदत कर्जापेक्षा रोख पतमर्यादा सोयीची पडते, कारण तीत वापरलेल्या रकमेवरच व्याज लागते.

थकीत बिलांबाबत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ उपयोगी पडतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने करारानुसार, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली, परंतु ती केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. रिसॉर्टला चिक्की पुरविणाऱ्या कारखानदाराला हे संरक्षण आहे. तीच चिक्की घाऊक आणून पुढे विकणाऱ्या दुकानदाराला नाही.