विश्लेषण : एका कॉम्प्युटरमुळे अख्खा कारखाना कसा ठप्प होतो? मीरा-भाईंदरच्या उद्योगांनी काय तपासावे?

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम कारखान्याचे नेटवर्क बहुधा गरजेप्रमाणे वाढत जाते. आधी बिलांसाठी दोन कॉम्प्युटर, मग हजेरीचे मशीन, सीसीटीव्ही, गोदामातले वायफाय. सगळे एकाच राउटरवर. यात धोका कुठे आहे, हे उरणजवळच्या जेएनपीटी बंदराने २०१७ मध्ये अनुभवले.

जेएनपीटीत काय घडले?

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ युक्रेनमधून पसरला. तिथल्या हिशेबाच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच तो लपवलेला होता. म्हणजे कोणी भलतीच लिंक उघडायचीही गरज नव्हती. ‘मर्स्क’ या डॅनिश जहाज कंपनीच्या युक्रेनमधील कार्यालयातून तो कंपनीच्या जगभरातील नेटवर्कमध्ये गेला आणि याच समूहाच्या जेएनपीटीतील गेटवे टर्मिनल्सचे काम थांबले. पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागितली जात होती. पण ती भरूनही फाइल परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती.

अपडेट केलेले कॉम्प्युटरही का पडले?

विंडोजमधील संबंधित त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपाय दिला होता. पण नॉटपेट्याकडे दुसरी वाटही होती. तो एका कॉम्प्युटरच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलून त्याच पासवर्डने शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये शिरत असे. कॉम्प्युटर बसवणारा सगळीकडे एकच अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवून जातो, तेव्हा चोराला हीच वाट मिळते.

म्हणून अँटिव्हायरसचे पैसे भरले की झाले, हा समज सोडावा लागेल. अकाउंट्सचे कॉम्प्युटर, कॅमेरे, कारखान्यातली मशीन आणि पाहुण्यांचे वायफाय यांचे नेटवर्क वेगळे ठेवले, तर एका भागातले संकट तिथेच अडवता येते. अनेक बिझनेस राउटर आणि फायरवॉलमध्ये ही सोय असते. ती कोणी चालू केलेली नसते, इतकेच. रोजच्या कामासाठी अ‍ॅडमिन लॉगिन वापरू नये. घरून टॅली पाहण्यासाठी रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा ठेवला असेल, तर तो आजच बंद करावा.

बॅकअप कुठे ठेवायचा?

मर्स्कने सुमारे १० दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केले. नेटवर्कची सगळी खाती सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरची एकच प्रत वाचली होती, तीही घानात. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, म्हणून! कारखान्याने वीज जाण्याची वाट पाहू नये. बॅकअपची हार्ड डिस्क काम झाले की काढून कपाटात ठेवावी. कायम जोडलेली डिस्क कॉम्प्युटरसोबतच लॉक होते. महिन्यातून एकदा त्यातली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. बहुतेक ठिकाणी राहून जाते ते हेच.

हल्ला झालाच तर?

आधी नेटवर्कची केबल काढावी, वायफाय बंद करावे. फॉरमॅट मारण्याची घाई करू नये, पुरावे त्यातच असतात. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती मिळाल्यापासून ६ तासांत ‘सर्ट-इन’ला कळवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. खात्यातून पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर फोन करावा आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या सायबर विभागाकडे तक्रार द्यावी.