दोन राज्यांची खाण-कंपनी : मॉइल

सौंसर हे नाव आपल्याला तहसील कचेरीमुळे, संत्र्यांमुळे आणि जामसावळीच्या हनुमानामुळे माहीत आहे. पण भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात 'सौंसर समूह' असे एक प्रकरण असते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. आपल्या भागापासून नागपूर, भंडारा आणि पुढे बालाघाटपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचा प्राचीन खडकांचा एक पट्टा पसरलेला आहे. त्याला जगभरचे शास्त्रज्ञ आपल्या सौंसरच्या नावाने ओळखतात. या पट्ट्यात मँगनीज नावाचे काळे, जड खनिज सापडते. ते पोलाद कारखान्यांना पुरवत पुरवत जी कंपनी मोठी झाली, त्या मॉइलची हकिगत या अंकात सांगायचे आम्ही ठरवले आहे.

आधी मँगनीज कशाला लागते ते पाहू. भट्टीतून निघालेल्या लोखंडात थोडे गंधक आणि प्राणवायू उरतो. गंधकाचा लोखंडाशी संयोग होऊन जो पदार्थ बनतो तो लवकर वितळतो. त्यामुळे असे लोखंड तापवून ठोकू लागले की ते भेगाळते. इंग्लंडमध्ये बेसेमरने १८५६ मध्ये झटपट पोलाद करण्याची पद्धत काढली, तेव्हा हीच अडचण आली होती. त्यात मँगनीज मिसळल्यावर ती सुटली, कारण मँगनीज गंधकाला आणि प्राणवायूला आपल्याकडे ओढून घेते. आजही जगातील सुमारे नव्वद टक्के मँगनीज पोलादासाठीच खर्ची पडते. एक टन पोलादाला ते काही किलोच लागते, पण त्या काही किलोंवाचून भट्टीचे चालत नाही. भाजीतल्या मिठासारखेच म्हणा ना!

याचे एक उदाहरण आपल्या घरापाशीच आहे. तिगाव स्टेशन नागपूर-इटारसी मार्गावर आहे. या मार्गावर एक रूळ दुसऱ्या रुळाला जिथे छेदतो, तिथे प्रत्येक चाकाचा दणका बसतो. साधे पोलाद तिथे लवकर झिजते. म्हणून तिथला ओतीव तुकडा बारा-तेरा टक्के मँगनीज असलेल्या पोलादाचा करतात. हॅडफील्ड या इंग्रज माणसाने १८८२ मध्ये शोधलेले हे पोलाद दणके खाऊन उलट अधिक कठीण होते. गिट्टीच्या क्रशरचे जबडेही त्याचेच असतात.

आता कंपनीकडे वळू. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावाने ब्रिटिश भांडवलदारांनी खनिजाचा शोध सुरू केला. पुढे तिचेच नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी झाले. लोक तिला सीपीएमओ म्हणत. काम सोपे होते, कारण टेकड्यांच्या माथ्यावर खनिज उघडेच पडलेले होते. पहार, घमेले आणि हातोडी एवढ्यावर खाण चाले. पुरुषांनी फोडायचे, बायकांनी राशीवर बसून दगड वेगळा करायचा आणि चांगला माल गाडीत भरायचा. माल भारताचा, मजूर इथले, भागधारक मात्र इंग्लंडचे.

त्याच सुमारास भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे फर्मर साहेब या पट्ट्यात हिंडत होते. १९०९ मध्ये त्यांचा भारतातील मँगनीजवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या भागातल्या सीतापार गावी सापडलेल्या एका खनिजाला त्यांनी 'सीतापाराइट' हे नाव दिले. (ते खनिज अमेरिकेत आधीच बिक्सबाइट या नावाने नोंदले गेले होते, असे पुढे सिद्ध झाले आणि आपल्या सीतापारचे नाव मागे पडले.) मँगनीजयुक्त एका खडकाला त्यांनी गोंड समाजावरून 'गोंडाइट' म्हटले. ते नाव मात्र टिकले.

खाण टेकडीवर असली तरी खरा प्रश्न वाहतुकीचा होता. जड आणि स्वस्त माल बंदरापर्यंत न्यायचा तर रेल्वे हवी. तुमसरहून तिरोडीकडे जाणारा फाटा खाणींच्या प्रदेशात गेला. रायपूरहून विजयनगरमला जाणारी रेल्वे आणि १९३३ मध्ये सुरू झालेले विशाखापट्टणम बंदर यांच्यामागेही मध्यप्रांताचा माल समुद्रापर्यंत नेण्याचा विचार होता, आणि त्या मालात मँगनीज प्रमुख होते. दूरच्या बंदराचा संबंध आपल्या दगडाशी असा जुळतो.

या धंद्याचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे भाव आपल्या हाती नसतो. युरोपात पोलाद कमी बनले की इथली खाण बंद. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत मध्यप्रांतातल्या अनेक खाणींवर अशीच वेळ आली आणि मजुरांना गावी परतावे लागले. उलट १९५० च्या आसपास रशियाने अमेरिकेला मँगनीज देणे आखडते घेतले आणि भारताच्या मालाला एकदम मागणी आली. पुढे ब्राझील आणि आफ्रिकेतील नव्या खाणी सुरू झाल्या आणि ती तेजीही ओसरली. संत्र्याचा भाव दिल्लीच्या मंडीत ठरतो, हे ज्यांच्या घरी रोजचे बोलणे आहे, त्या आमच्या पालकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

१९५६ हे वर्ष आपण मराठी माणसे विसरू शकत नाही. तोपर्यंत नागपूर हीच आपल्या राज्याची राजधानी होती. राज्य पुनर्रचनेत नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. आपली नातीगोती जशी सीमेच्या दोन बाजूंना विभागली गेली, तसा खनिजाचा पट्टाही विभागला गेला. खडकाला अर्थात त्याचा पत्ता नव्हता.

१९६२ मध्ये भारत सरकारने सीपीएमओच्या खाणी घेऊन मँगनीज ओर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. तिचे ५१ टक्के भाग केंद्र सरकार, मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र या तिघांकडे होते आणि ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीकडे. आम्हाला या हकिगतीत हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खाणी राज्यागणिक वाटून दोन कंपन्या करता आल्या असत्या. तसे न करता दोन्ही राज्ये एका वहीत भागीदार झाली. कचेरी नागपुरात, खाणी दोन्हीकडे. बालाघाट जिल्ह्यात बालाघाट (भरवेली), उकवा, तिरोडी, सीतापटोर. भंडाऱ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. नागपूर जिल्ह्यात कांद्री, मनसर, बेलडोंगरी आणि गुमगाव. यांतली गुमगावची खाण सावनेर तालुक्यात खाप्याजवळ, म्हणजे आपल्या अगदी शेजारी आहे. १९७७ मध्ये ब्रिटिश कंपनीकडचे उरलेले भागही सरकारने घेतले.

टेकड्या संपल्या तशी खाण खोल गेली. मँगनीजचे थर जमिनीत तिरपे उतरतात, त्यामुळे उघड्या खड्ड्याची मर्यादा लवकर येते. मग शाफ्ट म्हणजे उभी विहीर खणून खाली उतरावे लागते. खालून वर एकेक थर काढायचा आणि पोकळी झाली की पाण्यात मिसळलेली रेती नळाने आत सोडून ती भरून टाकायची. पाणी निथळून जाते आणि रेती घट्ट बसते. तिच्यावर उभे राहून वरचा थर काढायचा. पोकळी तशीच ठेवली तर वरचा खडक कोसळेल. भरवेलीची खाण अशी चारशे मीटरहून खोल गेली आहे आणि आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर मज्जासंस्था बिघडते, हात कापतात, चाल बदलते. म्हणून सुरुंगाची भोके पाडताना पाणी सोडणे आणि तोंडावर मास्क ठेवणे हा निव्वळ शिस्तीचा प्रश्न नाही.

उत्पादन वाढत गेले. २००९-१० मध्ये ते सुमारे ११ लाख टन होते, २०२४-२५ मध्ये १८ लाख टनांवर पोचले. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीचे भाग बाजारात आले. केंद्राने दहा टक्के आणि दोन्ही राज्यांनी पाच-पाच टक्के भाग विकले. नावही फक्त 'मॉइल' झाले.

तरी एक गोष्ट आम्हाला खटकते. कच्चा दगड विकण्यापेक्षा त्यापासून फेरोमँगनीज हा मिश्रधातू करून विकला तर अधिक पैसा आणि अधिक रोजगार इथेच राहील. कंपनीने बालाघाटला १९९८ मध्ये तसा कारखाना काढला, पण तो लहान आहे. भिलाई आणि बोब्बिली येथे सरकारी पोलाद कंपन्यांबरोबर मोठे कारखाने काढायचे २००८ च्या सुमारास ठरले होते, ते उभे राहिले नाहीत. अडचण विजेची आहे. एक टन फेरोमँगनीजला अडीच ते तीन हजार युनिट वीज लागते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराचा हा दोन वर्षांहून अधिक काळाचा खर्च झाला. वीज स्वस्त असेल तिथे भट्टी जाते, मग खाण कुठे का असेना. शिवाय आपल्या पोलाद उद्योगाची भूक इतकी वाढली आहे की दक्षिण आफ्रिका, गॅबन, ऑस्ट्रेलिया येथून मँगनीज आयात करावे लागते. एके काळी निर्यातीवर जगणारा हा धंदा आता घरचीच गरज पुरी करू शकत नाही.

डोंगरी बुजुर्गला मात्र १९९१ पासून एक वेगळा माल निघतो. खनिज विरघळवून, त्यातून वीज सोडून शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करतात. तो कोरड्या बॅटरीत लागतो. टॉर्चचा सेल संपला की मुले तो फोडून पाहतात आणि आतल्या काळ्या भुकटीने हात रंगवून घेतात. ती भुकटी म्हणजे बहुतांशी मँगनीज डायऑक्साइडच. फोडणे टाळावे हे बरे, पण फोडलाच असेल तर हात साबणाने धुवावेत आणि प्रयोगशाळेतल्या खनिजांच्या पेटीत मँगनीजचा जो काळा दगड आहे, तो एकदा उचलून त्याचे वजन पाहावे.